आठ वॅटची पेटी

मी बत्तीस वर्षं विजेचे मीटर तपासले. घरोघर फिरून आकडे उतरवून नेतो तो माणूस वेगळा. मी खात्याच्या तपासणी खोलीत बसायचो, टेबलावर दहा-दहा मीटर ओळीने लावायचो आणि कोणता पळतो, कोणता रेंगाळतो ते बघायचो. या कामाने माणूस बिघडतो. घरात कोणतीही वस्तू आली की ती काय करते यापेक्षा ती किती खाते हे मी आधी विचारतो. ही म्हणायची, "तुम्ही मला बघायला आलात तेव्हासुद्धा मनात वॅटच मोजत होतात." मोजत नव्हतो. पण ते तिला कधी पटलं नाही.

शेवटच्या दोन वर्षांत मात्र माझ्या या खोडीला घरात मान मिळाला. हिची फुप्फुसं कडक होत चालली होती. डॉक्टरांनी गोड बोलून, आडवळणाने, पण सांगायचं ते सांगितलं. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. खोलीतली हवा ओढून त्यातला ऑक्सिजन वेगळा काढणारं, बसक्या कपाटाएवढं, चाकांवरचं धूड. दिवसभर घरघरायचं. नळी तिच्या नाकाशी. खाणं तीनशे दहा वॅट, कमी नाही, जास्त नाही, मी आठवडाभर मोजलं.

आणि आमच्याकडे रोज दुपारी लाइट जायची. कधी दोन वाजता, कधी अडीचला, दोन-सव्वादोन तासांसाठी. म्हणून इन्व्हर्टर घेतला. मशीन एकटं लावलं तर बॅटरी बरोबर चार तास पुरायची. दाराआड एक छोटा सिलिंडर उभा होता, तो दीड तासाचा, अगदीच वेळ आली तर. लाइट गेली की काय काय बंद करायचं याचा तक्ता मी भिंतीवर चिकटवला होता. फ्रिज बंद. पंखा बंद. राउटर बंद. टीव्हीचा तर विषयच नाही. चार तास हा आकडा आम्हा दोघांनाही पाठ होता. तिला जरा जास्तच पाठ होता, पण ते मला फार उशिरा कळलं.

एका दुपारी लाइट गेली, मी सगळे खटके पाडून तिच्या उशाशी येऊन बसलो. ती छताकडे बघत पडली होती.

"अहो, धाप लागते त्याचं मला आता काही वाटत नाही," ती म्हणाली. "पण हे दोन तास मला खायला उठतात. नुसतं ते मशीन घरघरत असतं आणि मी ऐकत असते. आपल्या त्या कॅसेटी ऐकता येतील का हो?"

कॅसेटींचं सांगायला हवं. लग्नानंतरची पहिली आठ-नऊ वर्षं मी महिन्यातले पंधरा दिवस दुसऱ्या गावांतल्या तपासणी खोल्यांच्या कामाने बाहेरगावी असायचो. मला पत्र लिहिता येत नाही. 'येथील सर्व क्षेम' च्या पुढे पेन हलायचंच नाही. हिने त्यावर तोडगा काढला. ती टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायची आणि कॅसेट खात्याच्या जीपच्या ड्रायव्हरबरोबर पाठवून द्यायची. घरात काय झालं, लेकीला दात आला, शेजारणीशी कसं वाजलं, सगळं. चौसष्ट कॅसेटी. तिची एक लकब होती. मध्येच विचारायची, "ऐकताय ना?" आणि मग चार-पाच सेकंद चक्क गप्प बसायची, मी उत्तर देईन म्हणून. आणि मी लॉजच्या खोलीत एकटा बसून "हो, ऐकतोय" असं मोठ्याने म्हणायचो. शेजारच्या खोलीतले लोक मला वेडा समजत असणार.

टेपरेकॉर्डर केव्हाच मेला होता. एक उसना आणून मी सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. त्यात महिना गेला. लेक परदेशात, ती रोज सकाळी फोन करायची. ती म्हणाली, "बाबा, आवाज दाबून फाइल लहान करता येते. मग आईच्या टॅबमध्ये मावेल." मी म्हटलं, तिचा आवाज मी दाबणार नाही. जसा आहे तसा, कणभरही कमी न करता ठेवणार. मग ते सगळं त्या म्हाताऱ्या टॅबमध्ये कुठलं मावायला! त्याला स्वतःचंच ओझं पेलत नव्हतं.

तेव्हा लेकीने घरच्या सर्व्हरची कल्पना काढली. एक छोटा कॉम्प्युटर कोपऱ्यात कायम चालू ठेवायचा, त्यात कॅसेटी, जुने फोटो, व्हिडिओ सगळं भरायचं, आणि टॅबवरून हवं ते मागवून ऐकायचं, बघायचं. तिकडून लेकही नातीचे व्हिडिओ त्यात टाकू शकेल. लागणारे प्रोग्राम फुकट. फक्त यंत्र हवं.

पुतण्याने त्याचा जुना कॉम्प्युटर देऊ केला. मोठ्या मनाने घरी आणून ठेवला. मी मीटर लावला. बहात्तर वॅट! हिशोब केला तर मशीनच्या चार तासांतली पंचेचाळीस मिनिटं हा गडी एकटा गिळणार होता. पुतण्याला चहा पाजला आणि कॉम्प्युटर त्याच्याच गाडीत परत चढवला. तो रागावला. रागावू दे.

मग मी जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवायला लागलो. दुकान एक बाई चालवायची, तोंडाने फटकळ, कामाला चोख. मी पिशवीत माझा मीटर घेऊन जायचो आणि ती दाखवेल ते यंत्र लावून बघायचो. एकोणतीस वॅट, नको. बावीस, नको. तिसऱ्या दिवशी तिने कपाळाला हात लावला.

"काका, लोक गाडी घेताना सीटवर बसून बघतात. तुम्ही सायलेन्सरला नाक लावून बसलाय."

मी तिला नळीचं, मशीनचं, चार तासांचं सांगितलं. ती उठून आत गेली आणि माळ्यावरून एक पेटी काढून आणली. एका बँकेने मोडीत काढलेली, जाडसर पुस्तकाएवढी, आत पंखासुद्धा नाही. "यावर गेम वगैरे काही चालणार नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, आमच्या घरात गेम खेळण्याच्या वयाचं कुणी उरलेलं नाही. फिरणाऱ्या तबकडीची डिस्क चार-पाच वॅट खाते, म्हणून तिने न फिरणारी डिस्क घालून दिली. ती महाग होती. चष्म्याच्या नव्या काचांसाठी पैसे बाजूला ठेवले होते, ते तिथे गेले. जुन्या काचांनी आणखी वर्षभर काही बिघडणार नव्हतं.

पुढचे आठ दिवस मी आणि लेक फोनवर भांडत ती पेटी उभी करत होतो. ती तिकडून एकेक आज्ञा सांगायची, मी इकडे जुन्या काचांतून एकेक अक्षर दाबायचो आणि चुकवायचो. "बाबा, रेघ आडवी की उभी?" "अगं, मला रेघच दिसत नाहीये." माझ्या नाकी नऊ आले. ही पलंगावरून ऐकत असायची आणि हसायची, हसली की खोकायची, आणि खोकला थांबला की पुन्हा हसायची. ते आठ दिवस आमच्या घरातले त्या वर्षातले सगळ्यात चांगले दिवस होते. हे मला तेव्हाच कळलं होतं, हे एक बरं.

आवाज साफ करण्याच्या प्रोग्राममध्ये मला एक बटण सापडलं. रेकॉर्डिंगमधल्या रिकाम्या, आवाज नसलेल्या जागा ते आपोआप कापून टाकायचं. जागाही वाचली असती. मी मोठ्या हौसेने हिला सांगायला गेलो.

"खबरदार," ती म्हणाली. "त्या जागा रिकाम्या नाहीत. तिथे तुम्ही आहात."

मी ते बटण दाबलं नाही.

शेवटी पेटी लागली. बाहेरच्या खोलीत, शोकेसमध्ये, राउटरच्या शेजारी. मी मीटर लावला. काही वाजत नसताना सहा वॅट. वाजत असताना आठ. सोबत राउटरचे सहा वॅट. मला इतका आनंद झाला की मी मीटर हातात घेऊनच आत धावलो. भिंतीवरच्या तक्त्यातली 'राउटर बंद' ही ओळ तिच्या डोळ्यांदेखत खोडली. तिच्या कानात वायरवाले इअरफोन घातले, कारण मशीनच्या घरघरीत नुसत्या टॅबचा आवाज ऐकूच येत नसे. पहिली कॅसेट लावून दिली. ती स्वतःचाच तीस वर्षांची असतानाचा आवाज ऐकत राहिली. ओठ हलत होते. मग तिने एक इअरफोन काढला.

"लाइट गेल्यावरही चालेल हे?"

"म्हणजे काय! त्यासाठीच तर केलं," मी म्हणालो. आणि मग, न विचारता, शहाणपणा पाजळला. "तू हे ऐकत राहिलीस तर तुझ्या मशीनची फक्त दहा मिनिटं जातात."

"दहा मिनिटं कशातली?"

"चार तासांतली. म्हणजे काहीच नाही."

"दहा मिनिटं," ती म्हणाली. तिने नाकाशी नळी जरा नीट केली. मला वाटलं कौतुकाने म्हणतेय. पुतण्याच्या कॉम्प्युटरची पंचेचाळीस मिनिटं तिला माहीत होती ना.

त्यानंतर साडेतीन महिने मी सुखात होतो, हे लिहिताना मला स्वतःचा राग येतो, पण होतो. दुपारी लाइट गेली की मी खटके पाडायचो, वहीत वेळ टिपायचो आणि तिच्या खोलीत डोकावायचो. ती डोळे मिटून पडलेली असायची, कानात इअरफोन, पोटावर टॅब. मी तिच्या हाताला हात लावून मोठ्याने विचारायचो, "ऐकतेयस ना?" ती डोळे न उघडता मान हलवायची. मी विचारायचो, "काय लागलंय आज?" ती सांगायची. "तुमच्या आईंनी लोणी कढवायला ठेवलं आणि विसरल्या, ते." किंवा, "लेक पहिल्यांदा शाळेत गेली आणि बाईंना घेऊनच घरी आली, ते." सांगता सांगता हसायची. मी समाधानाने बाहेरच्या खोलीत येऊन पेपर वाचत बसायचो. आपण काहीतरी करून दाखवलं, असं वाटायचं. दोन-अडीच तासांनी बघितलं तरी टॅबची बॅटरी फारशी उतरलेली नसायची. मी त्याचंही श्रेय माझ्या पेटीला देऊन टाकलं. बत्तीस वर्षं मीटर तपासणाऱ्या माणसाने त्या एका आकड्यावर शंका घेतली नाही.

एका संध्याकाळी तिची धाप उतरेना. मशीन चालू होतं, लाइट होती, सिलिंडर भरलेला होता, काहीही कमी नव्हतं. दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. लेक पोचली होती, तेवढं एक झालं.

घरी आल्यावर मी ऑक्सिजनचं मशीन बंद केलं, तेव्हा घर इतकं गप्प झालं की मी पुन्हा चालू केलं. लेक आतल्या खोलीतून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनेच ते परत पाठवलं.

लेक परत गेली. महिनाभराने तिचा फोन आला. "बाबा, आई शेवटी शेवटी काय ऐकत होती ते मला ऐकायचंय. पेटीमध्ये सगळ्याची नोंद असते. कोणती फाइल कधी लावली, कधी थांबवली. बघून सांगा ना."

मला ही नोंद असते हे माहीतच नव्हतं. लेकीने सांगितलं तसं पान उघडलं. अक्षरं बारीक, भिंग घेऊन बसलो. तारीख, वेळ, कॅसेटचा नंबर. सकाळी नऊ ते साडेदहा. नातीचा व्हिडिओ, एकाच दिवशी चार वेळा. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी सुरू, दोन वाजून सात मिनिटांनी बंद. पुन्हा सुरू, चार वाजून तेरा मिनिटांनी.

दोन वाजून सात मिनिटं. माझ्या मनात काहीतरी खुट्ट झालं. मी वही काढली. त्या तारखेला माझ्याच अक्षरात होतं: लाइट गेली २.०६, आली ४.१२.

आदल्या दिवशीचं बघितलं. लाइट गेली अडीचला, नोंद थांबली दोन एकतीसला. त्याच्या आदल्या दिवशीचं. त्याच्याही आदल्या. मी वही आणि पान शेजारी ठेवून, बोट लावून, एकेक ओळ तपासली, मीटर तपासायचो तशीच. साडेतीन महिन्यांत आमच्याकडे एकशे एक वेळा लाइट गेली होती. एकशे एक वेळा तिने मिनिटभरात कॅसेट थांबवली होती आणि लाइट आल्याशिवाय पुन्हा लावली नव्हती.

कानात इअरफोन होते. त्यात काही वाजत नव्हतं. ती डोळे मिटून मशीनची घरघर ऐकत पडायची आणि मी डोकावलो की मला कॅसेट पाठ म्हणून दाखवायची.

मी तिला काहीही सांगितलं नसतं तर तिने ऐकलं असतं. "चालेल हे?" असं तिने विचारलं होतं, "हो" एवढंच उत्तर होतं. पण मला माझा आकडा मिरवायचा होता. आणि जी बाई आयुष्यभर खोलीतून बाहेर पडताना दिवा विझवत आली, तिला मी सांगून बसलो की तुझ्या ऐकण्याने तुझ्या श्वासातली दहा मिनिटं जातात. माझी भीती बघून तिने ती वाचवली की स्वतःच्या भीतीने, हे मला आता कुणी सांगणार नाही. तिला जगायचं होतं, एवढं मात्र त्या ओळींमध्ये स्पष्ट दिसत होतं. ती तोंडाने कधी म्हणाली नव्हती.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पेटी वाजत असताना आठ वॅट खाते आणि गप्प असताना सहा. राउटर दोन्ही वेळा सहाच. म्हणजे तिने कॅसेट थांबवली तरी पेटी बाहेरच्या खोलीत खातच होती. तिने वाचवले ते दोन वॅट. मी कागद घेऊन हिशोब केला, मग दुसरा कागद घेऊन पुन्हा केला. अख्खी बॅटरी संपेपर्यंत धरलं तर दीड मिनिट. आणि अख्खी बॅटरी आमच्याकडे एकदाही संपली नव्हती. हे मला माहीत होतं. मीटर माझ्या हातात होता, दोन्ही आकडे मी डोळ्यांनी बघितले होते. तिला मी एकच सांगितला.

लेकीला मी फोनवर म्हणालो, "सगळंच ऐकायची. आवडीने ऐकायची." ती रडली. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीप्रमाणे लाइट गेली. मी सवयीने फ्रिजचा खटका पाडला आणि मग लक्षात आलं की आता वाचवायचं कशासाठी. ऑक्सिजनचं मशीन नाही म्हटल्यावर त्याच बॅटरीवर ती पेटी तीन दिवससुद्धा चालेल. मी तिच्या खोलीत गेलो, पलंगावर बसलो, टॅब मांडीवर घेतला. पेटीने तिची जागा राखून ठेवली होती. कॅसेट सदतीस, अकराव्या मिनिटाला थांबलेली. दवाखान्यात नेलं त्याच दिवशीची दुपार. त्या दिवशी लाइट परत आल्यावर तिने ती लावली नव्हती.

मी इअरफोन घातले नाहीत. गरज नव्हती, खोलीत कसलाच आवाज नव्हता. बटण दाबलं.

ती शेजारच्या बाईंबद्दल सांगत होती. त्यांनी नेलेलं पातेलं परत आणून दिलं, पण झाकण दिलं नाही. आता झाकण मागायचं कसं. मागितलं तर म्हणतील, केवढ्याशा झाकणासाठी आली. नाही मागितलं तर गेलंच. मागे कुठेतरी लेक रडत होती, लहान, हट्टाने. मग ती थांबली.

"ऐकताय ना?"

आणि गप्प झाली. माझ्यासाठी ठेवलेले ते चार-पाच सेकंद.

"दीड मिनिट होतं गं," मी म्हणालो. "फक्त दीड मिनिट. ऐकायचं होतंस."

"बरं," ती म्हणाली, "तर मग मी गेले झाकण मागायला."